दहाव्याचा वस्तरा

वस्तऱ्याला धार लावायला मी शिकले तेव्हा चाळीस वर्षांची होते आणि हातात जेमतेम दोन आठवडे होते. हौस म्हणून ही विद्या कुणी शिकत असेल तर असो. मी शिकले, कारण घरातलं एक माणूस जेवत नव्हतं.

ते माणूस म्हणजे ह्यांच्या आत्याबाई. कन्नड शहरातल्या, बसवनगुडीतल्या आमच्या मराठी घरात त्या वेळी तिघंच होतो: हे, मी आणि आत्याबाई. त्या बाराव्या वर्षी विधवा झाल्या. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांचं केशवपन झालं आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दाराने येऊन त्यांचं डोकं करून जात असे. १९५८-५९ पर्यंत ही रीत आमच्या नात्यातल्या बहुतेक घरांनी सोडली होती. आत्याबाईंनी सोडली नव्हती. ह्यांनी एकदा विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "बाराव्या वर्षी मला कुणी विचारलं नाही. आता पासष्टाव्या वर्षी विचारू नका."  ह्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यांना साखरेचा विकार होता. इन्सुलिन कुठल्या प्राण्यापासून काढतात हे त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घेतलं होतं, आणि तो विषय तिथेच संपला होता. नाचणीची भाकरी, कारलं, भिजवलेल्या मेथ्या यांवर त्या बरीच वर्षं बऱ्या होत्या.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी म्हाताऱ्या न्हाव्याच्या हातून त्यांच्या उजव्या कानामागे कापलं. जखम नखाएवढी. तो तीस वर्षं येत होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ती जखम भरायला सात आठवडे लागले. आधी सूज, मग पू, मग ताप. एका संध्याकाळी त्यांची मान वळेना. डॉक्टरांनी पेनिसिलीन काढलं तेव्हा आत्याबाईंनी तापातही विचारलं, "हे कुठल्या जनावराचं?"

"जनावराचं नाही. बुरशीचं."

त्यांनी थोडा विचार केला. "बुरशी चालते," म्हणाल्या आणि दंड पुढे केला.

डॉक्टर जाताना ओसरीवर हात धूत होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "या खेपेला वाचल्या. पुन्हा डोक्याला कापलं तर मला बोलावू नका. पुढच्या कामाची माणसं असतात, त्यांना बोलवा."

जखम भरली, पण तोवर डोक्यावर पेरभर पांढरे केस आले होते. आत्याबाईंच्या हिशेबाने केस असलेलं डोकं म्हणजे ओवळं. ओवळ्यात स्वयंपाकघर नाही, देव नाही, शिजवलेलं अन्न नाही. ताप होता तोवर त्यांनी आजाऱ्याची सवलत घेतली होती. जखमेची खपली पडली त्या दिवशी सवलत संपली. "डोकं होईल तेव्हा अन्न," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर सकाळी पेलाभर दूध आणि दुपारी एक केळं. पाचव्या दिवशी त्या नळाशी चक्कर येऊन बसल्या. नवव्या दिवशी पडल्या. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या माणसाने उपास धरला तर मरायला जखमेची वाटसुद्धा बघावी लागत नाही.

मी तेव्हा एका मुलींच्या शाळेत सामानाच्या खोलीची जबाबदारी बघत असे. खडूपासून परीक्षानळीपर्यंत काय किती आहे आणि काय कधी संपेल, हे वहीत लिहायचं. घरीही मी एक वही ठेवत असे, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला अडकवलेली. त्या रात्री तिच्यात लिहिलं:

आत्याबाईंना समजावणे.
न्हाव्याचा मुलगा.
सेफ्टी रेझर.
कात्री.

पहिली ओळ लिहिता लिहिताच खोडली.

न्हाव्याच्या मुलाने जयनगरात दुकान टाकलं होतं. जयनगर तेव्हा आखलेल्या रस्त्यांचं आणि मोजक्या घरांचं होतं. दोन खुर्च्या, मोठा आरसा, भिंतीवर नटांची चित्रं. मी उन्हातून चालत गेले. त्याने पंखा माझ्याकडे वळवला, बसायला स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अक्का, तुमच्या ह्यांना पाठवा, फुकट दाढी करतो. हे काम मी करत नाही. एक बाई खाली मान घालून बसते आणि आपण... नाही. माझ्या बापाने केलं, पुरे." परत येताना मला पटत होतं की तो बरोबर आहे. पटून उपयोग नव्हता.

सेफ्टी रेझर मी नवा कोरा आणला. आत्याबाईंनी तो हातात घेतला नाही, फक्त बघितला.

"हे बाप्यांचं गाल घासायचं. तो शौक झाला."

"आत्याबाई, पोलाद ते पोलाद. याने कापायची भीती कमी."

"भीती तुला आहे. मला नाही."

आज वाटतं, त्या रेझरने काम झालं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या डोक्याला हात त्यांच्या परवानगीशिवाय लावता येत नव्हता. कात्रीचं नाव काढताच त्यांनी तोंड फिरवलं. कात्रीने केस आखूड होतात, जात नाहीत. उरलेल्या तिन्ही ओळी खोडून मी खाली लिहिलं: मी.

हे त्या वेळी एका कारखान्यात हत्यारांच्या विभागात होते. पहाटे कारखान्याची बस गल्लीच्या तोंडाशी येई. वही वाचून म्हणाले, "तू? तुला भोपळा चिरताना मी बघितलंय."

"भोपळा हलत नाही म्हणून मी बेफिकीर असते."

"सरी, ठीक आहे. मग मी आधी विमा काढतो. आत्याचा नाही, माझा. सराव तू माझ्यावरच करणार."

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेले. तो गवीपुराच्या उतारावर राहायचा, एका खोलीत. दाराशी माझी सावली पडली तेव्हा त्याने विचारलं, कोण. ओळख दिल्यावर तो उठून उभा राहिला. त्याला वाटलं, मी अज्जींची बातमी घेऊन आले. अज्जी म्हणजे आत्याबाई. बातमी नाही हे कळल्यावर तो खाली बसला आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

त्याचं मराठी आमच्यासारख्या घरांतून शिकलेलं होतं. म्हणाला, "डोळे देऊ शकत नाही, अक्का. हात देऊ शकत नाही. अक्कल आहे, ती घेऊन जा."

धोकटीतून त्याने चार वस्तरे काढले. अंगठ्याने एकेकाची पाठ चाचपली आणि तीन बाजूला टाकले. ते झिजून बोटाएवढे अरुंद झाले होते. चौथा वेगळ्या फडक्यात होता. रुंद पातं, मूठ शिंगाची, आणि पात्यावर गंजाचे तांबडे ठिपके.

"हा घे. विलायती पोलाद आहे, शिल्लक आहे. फार वापरला नाही."

"का वापरला नाही?"

"हा दहाव्याला लागतो. नदीवर, तळ्यावर. घरचं कुणी गेलं की मुलं डोकं करतात, त्याला हा. जिवंत घरात तो नेत नाही आम्ही. दोन वर्षं मी तिकडे गेलो नाही, म्हणून गंजला." मग माझ्या दिशेला तोंड करून म्हणाला, "दुसरा धड नाही, अक्का. झिजलेलं पातं नवख्या हाताला झेपत नाही. असता तर दिला असता."

मी तो घेतला. आत्याबाईंना सांगितलं, विकत घेतला. वहीत मात्र लिहिलं: दहाव्याचा वस्तरा. गंज, मूठ, धार, सराव. वहीत मी खोटं लिहीत नसे.

गंजासाठी दोन दिवस रॉकेलच्या ताटलीत ठेवला. मग चाळलेल्या राखेत बुचाचा तुकडा बुडवून घासलं, आणि शेवटी सर्वांत बारीक पॉलिश कागदाने, दर खेपेला पाठीकडून धारेकडे. धारेच्या अंगाला बोट न्यायचं नाही. शाळेतलं भिंग आणून पात्याचा प्रत्येक भाग तपासला. गंजाने पोखरलेले तीन खळगे होते. दोन पोटावर, त्यांनी काही अडत नाही. एक धारेवर, मुठीकडच्या टोकाला. एवढी जागा डोक्याला लावायची नाही म्हणून मी पात्यावर तिथे पाठीला खूण केली. मूठ शिंगाची, म्हणजे आत्याबाईंना न चालणारी. ह्यांनी रविवारी बसून खिळे काढले आणि शिसवीच्या दोन पट्ट्या बसवल्या. पातं झाकून उघडून बघत म्हणाले, "छान झालाय. एवढा छान नको होता." 

धार शिकायला मी शाळा सुटल्यावर रोज गवीपुराला जाई. न्हाव्याचा दगड काळा, गुळगुळीत, मधोमध किंचित खोलगट. त्यावर पाणी शिंपडायचं. वस्तरा आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. धार पुढे करून ढकलायचं, टोकाशी पाठीवरून उलटवायचं, परत आणायचं. दिसायला पोळपाटावर लाटणं फिरवण्याइतकं सोपं. म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत असे.

"इल्ला, असं नाही. पाठ उचललीस."

"नाही उचलली."

"उचललीस. पुन्हा ढकल... हां, आत्ता. आत्ता उचललीस. ऐक ना, कशी करकरते. पाठ उचलली की धार गोल होते. गोल धार कापत नाही, फाडते. अज्जींना मी फाडलं." हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. "वजन देऊ नको. वस्तऱ्याला स्वतःचं वजन आहे, तुझं नको."

आठव्या दिवशी आवाज बदलला. करकर गेली आणि ओल्या रेशमावरून बोट फिरावं तसा एकच बारीक आवाज राहिला. म्हाताऱ्याने मान हलवली. मी त्याच्या हाताला वस्तरा दिला. त्याने अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवली आणि परत केला.

"सरी. आता एक लक्षात ठेव. आग लांब. चुलीपाशी ठेवू नको, उकळत्या पाण्यात घालू नको, भर उन्हात दगडावर ठेवू नको. पोलादाला पाणी दिलेलं असतं. आग लागली की ते उतरतं. मग दिसतो वस्तरा, आणि असतो पत्रा. तीन फटके कापेल, चौथ्याला धार दुमडेल. चामडीवर असताना दुमडली तर..." त्याने हाताने पुढचं दाखवलं.

"ते कळणार कसं?"

"रंगाने. कबुतराच्या मानेसारखा रंग चढतो. मला आता दिसत नाही. तू बघ."

घरी लिहून काढलं. एक अडचण उरली. धार लागल्यावर न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात. सोवळ्यात चामडं चालणार नव्हतं. म्हातारा म्हणाला, जुने लोक तळहातावर फिरवत. तेही शिकले. वस्तरा पाठीकडून ओढायचा, धार मागे. एकदा चुकून धार पुढे गेली तर तळहात उघडतो. माझा दोनदा उघडला. आत्याबाई उंबऱ्याबाहेर पाटावर बसून हे बघत. त्यांचे गाल बसले होते, बांगडी नसलेली मनगटं काडीसारखी झाली होती, पण जीभ शाबूत होती.

"सासरी आलीस तेव्हा पुरण वाटायला शिकवलं तर महिना लागला होता. हे बरं लवकर आलं."

"पुरण वाटताना कुणाचा जीव टांगलेला नव्हता."

"स्वल्प हळू फिरव. माझा आहे ना जीव? मग मी सांगते, हळू."

सरावाला आधी कोवळे कोहळे, त्यांच्यावर बारीक लव असते. चार कोहळे सोलवटले, पाचवा स्वच्छ उतरला. मग ह्यांची दाढी. हे खुर्चीत डोळे गच्च मिटून बसले. "काही बोलायचं असेल तर आधी बोलून घे," म्हणाले, "नंतर मी ऐकायच्या स्थितीत असेन असं नाही." मी डावा गाल केला, उजवा केला. गळ्याशी आले तेव्हा त्यांची थट्टा थांबली होती आणि माझीही. गिळताना त्यांच्या गळ्याचा कंठमणी वर-खाली झाला, तेवढा वेळ मी पातं हवेत धरून थांबले. रक्त आलं नाही.

पंचांगात बघितलं. मंगळवार नाही, शनिवार नाही, एकादशी नाही, अमावास्या नाही, घरातल्या श्राद्धाचा आठवडा नाही. जवळचा दिवस बुधवार. तो चुकला तर पुढे नऊ दिवस थांबावं लागणार होतं. आत्याबाईंच्यात नऊ दिवस नव्हते. आदल्या दिवशी त्या भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेल्या आणि मध्ये दोनदा बसल्या. मंगळवारी संध्याकाळी मी शेवटची धार लावली. स्वतःचा एक केस उपटून धारेवर सोडला. तो तुटून खाली पडला. वस्तरा फडक्यात गुंडाळून न्हाणीघराच्या फळीवर ठेवला, कारण आत्याबाईंच्या सोवळ्यातल्या वस्तूंची जागा तीच होती.

बुधवारी शाळेत रजा टाकली होती. हे पहाटे बसला गेले. मी उठले तेव्हा न्हाणीघरात बंब पेटलेला होता. आत्याबाईंनी स्वतः पेटवला होता. इतक्या दिवसांत त्या स्वतःहून एवढ्या हिंडल्या नव्हत्या. मला बरं वाटलं.

मागच्या अंगणात पाट मांडला. त्या पदर काढून, मान खाली घालून बसल्या. मी वस्तरा उघडला, तळहातावर दहा-बारा वेळा फिरवला. धारेलगत निळसर झाक दिसली. वर आभाळ निळं होतं, माझं लुगडंही निळं होतं. मी बघितलं आणि पुढे गेले. बघून पुढे जायचं काम मी एरवी करत नाही.

आधी कात्रीने लांब केस काढले. मग कोमट पाण्याने डोकं भिजवलं, कारण साबणातली चरबी त्यांना चालत नव्हती. कपाळापासून सुरुवात केली. डाव्या हाताने कातडी ताणायची, उजव्याने पातं जवळजवळ आडवं धरून ओढायचं. पहिला पट्टा स्वच्छ उतरला. दुसरा, तिसराही. आत्याबाईंनी श्वास सोडला. चौथ्याला टाळूवर पातं अडखळलं. ओढ लागली. मी उचललं, पुसलं, पुन्हा टेकवलं. करकर आली.

मी वस्तरा उजेडाकडे धरला. आता आभाळाचा संबंध नव्हता, मी छपराखाली सरकले होते. धारेच्या कडेने निळा, त्याच्यावर जांभळा, त्याच्यावर पिवळा असा रंगांचा पट्टा होता.

"आत्याबाई, वस्तऱ्याला काय केलंत?"

"शुद्ध केला."

"कसा?"

"लोखंड विस्तवाने शुद्ध होतं. बंबाच्या निखाऱ्यावर धरला. थोडाच वेळ." मान खाली होती, आवाज पाटाकडून आल्यासारखा येत होता. "दहाव्याचा वस्तरा तू माझ्या डोक्याला लावणार होतीस. मला सांगितलं नाहीस. वहीत लिहून ठेवलंस. मला वाचता येतं, मुली."

 मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी नकार दिला असता, किंवा पाण्याने शुद्ध करा म्हटलं असतं तर ऐकलंही असतं. मी विचारलंच नव्हतं.

"हा आता कापणार नाही," मी म्हणाले. "दुमडतोय. थांबू या."

"अर्ध्या डोक्याने?"

अंगणात कोवळं ऊन आलं होतं. त्यांच्या डोक्यावर कपाळापासून टाळूपर्यंत उघडी पांढरी कातडी आणि मागे पांढरे खुंट. असं त्यांना नऊ दिवस ठेवणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी आत जाऊन दगड आणला. न्हाव्याने तो मला उसना दिला होता. दगड अंगणात ठेवला, पाणी शिंपडलं. दहा वेळा दगडावर, तळहातावर, तीन फटके डोक्यावर. चौथा नाही. पुन्हा दगड. तीन फटके. पुन्हा दगड. मी मोजत होते. आकडा चुकला तर दगडाकडे परत. दूधवाला येऊन गेला, शेजारच्या रेडिओवरच्या कन्नड बातम्या संपल्या. माझं मनगट अवघडलं की मी थांबे. त्या एकदाही हलल्या नाहीत. मधे एकदाच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू घाबरशील."

"मी घाबरलेलीच आहे."

"कळतंय. हात गार पडलाय."

दहा वाजेपर्यंत सगळं डोकं झालं, उजव्या कानामागची दोन बोटं जागा सोडून. तिथे जुन्या जखमेचा व्रण होता, गुलाबी, चकचकीत, कागदासारखा पातळ. व्रणाभोवती खुंट होते. मी पातं तिथपर्यंत नेलं आणि खाली ठेवलं.

त्यांनी हात फिरवला. टाळू, मान, डावा कान, उजवा कान. बोट तिथे थांबलं. "इथे राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"मुली, एक केस असला तरी केस."

"तिथे मी पातं लावणार नाही. तुम्ही जेवू नका, मला शिव्या द्या, काही करा. लावणार नाही."

 त्या पाटावरून उठल्या, भिंत धरून न्हाणीघराकडे वळल्या. मी पाट धुतला, केस गोळा केले. आणि माझ्या सवयीने वस्तरा पुन्हा दगडावर घेतला, कारण बोथट हत्यार परत ठेवायचं नाही ही माझी शिस्त. धार लावली, पुसला, न्हाणीघराच्या दाराशी नेऊन फडक्यावर ठेवला आणि पाणी आणायला नळावर गेले. परत आले तेव्हा फडकं रिकामं होतं आणि न्हाणीघराची कडी आतून लावलेली होती.

"आत्याबाई, दार उघडा."

"तू ओवळ्यात आहेस. लांब हो."

"तो वस्तरा द्या मला."

 तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज. मग तो दुसरा आवाज, एवढे दिवस म्हाताऱ्याजवळ बसून जो मला ओळखता यायला लागला होता. कातडीवरून पातं. त्या अंदाजाने करत होत्या, आरसा नव्हताच, बोटाने चाचपून. एक. थोडा वेळ काहीच नाही. दोन. हा स्वच्छ. मी दाराला कपाळ टेकवून उभी होते. तीन. चौथ्याला करकरलं. मी दारावर हात मारला. "चौथा नको! चौथ्याला दुमडतो! थांबा!"  मग पाचवा.

त्या बाहेर आल्या तेव्हा आंघोळ झालेली होती, ओलं आलवण, डोकं पाण्याने चमकत होतं. माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या. देवापुढे बसल्या. मग स्वतः चूल पेटवली, मूठभर तांदूळ शिजवले आणि ताट वाढून घेतलं. पंचवीस दिवसांनी पहिला भात. पहिल्या घासाला त्यांचा हात ओठांशी थांबला, मग त्या खात राहिल्या, सावकाश, एकेक शीत वेचून. मी दारात उभी होते. त्या पाण्याच्या भांड्याकडे वाकल्या तेव्हा मला कानामागे दिसलं. केसाइतकी बारीक लाल रेघ, अर्ध्या नखाएवढी. रक्त वाळलेलं.

"लागलंय तुम्हाला."

"दिसतंय मला काय तुझ्यासारखं? नाही लागलं."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते कपडेही न बदलता डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर पुन्हा न येण्याचं म्हणाले होते. ते आले. जखम बघितली, औषध लावलं आणि म्हणाले, "रोज सकाळी बघायचं. लाल किंवा कोरडी. एवढंच सांगायचं मला." त्यानंतर मी वहीत रोज एकच शब्द लिहिला. पहिला दिवस, कोरडी. दुसरा, कोरडी. तिसरा, कोरडी. चौथा, लाल. पाचव्या दिवशी मोहरीएवढी सूज. सहाव्या दिवशी बोट लावलं तर गरम लागलं, आणि त्या रात्री हे ओसरीवर बसून राहिले. बुरशीचं इंजेक्शन पुन्हा झालं. दहाव्या दिवशी सूज ओसरली. तेराव्या दिवशी खपली पडली आणि खाली आधीच्या व्रणाला चिकटून दुसरा, त्याहून पातळ व्रण दिसला.

त्या दिवशी मी गवीपुराला जाऊन तो वस्तरा परत केला आणि घडलेलं सांगितलं. म्हाताऱ्याने धोकटीतून उरलेल्या तीन वस्तऱ्यांतला एक दिला, बोटाएवढा अरुंद. "हा जिवंत माणसांचा आहे," म्हणाला. "झिजलाय, पण खरा आहे. आता तुझा हात बसलाय, चालेल." तो मी आत्याबाईंपुढे ठेवला. कुणाचा, कशाचा, सगळं सांगितलं, आणि आग लागली तर काय होतं तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यावर तुळशीचं पाणी शिंपडलं.

पंधरावा दिवस पंचांगाला चालणारा होता. मी अंगणात पाट मांडला. दगड, पाणी, फडकं. आत्याबाई बसल्या, मग हात मागे करून त्यांनी माझ्या डाव्या हाताचं बोट धरलं आणि उजव्या कानामागे, त्या नव्या कातडीवर नेऊन टेकवलं. कातडीखाली नाडी उडताना लागत होती.

"इथे केस राहता कामा नये," त्या म्हणाल्या. "तू करतेस, की आत जाऊन मी करू?"

मी वस्तरा तळहातावर फिरवला. वीस वेळा, मोजून. उजेडात धरून धारेचा रंग बघितला. मग त्यांच्या मागे गुडघे टेकले, कानामागची कातडी दोन बोटांनी ताणली आणि म्हटलं, "हलू नका. बोलूही नका."

त्या हलल्या नाहीत. मी पातं टेकवलं.